गोठ्यातून: रवंथ न करणारी म्हैस

खानापूरला काकांच्या गोठ्यात येऊन मला २ वर्षं झाली. १२ म्हशी चारायच्या, धुवायच्या, धारा काढायच्या. परवा दुपारी सगळ्या जांभळीखाली रवंथ करत बसल्या होत्या, एकटी चंद्री गप्प उभी. वाटलं, उकाडा असेल. संध्याकाळी बघतो तर कास गरम, एक सड सुजलेला, धारेत गुठळ्या. दगडी, म्हणजेच कासदाह! डेअरीला दूध कमी भरेल म्हणून तेही कॅनमध्ये ओतणार, तोच काकू ओरडली, “अरे, सगळ्यांचंच दूध नासवतोस की!”

दूध टाकून दिलं, डॉक्टरांना बोलावलं. औषध संपल्यावरही ते सांगतील तितके दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नाही. पैसे बुडाले, पण सड वाचला.

मित्रांनो, नुसती डोकी मोजून गुरं राखता येत नाहीत. तोंडं हलतात का, तेही बघावं लागतं.