बोली आधी की प्रमाणभाषा? : शोनाचा दाखला

‘बोली म्हणजे प्रमाणभाषेचे प्रादेशिक रूप’ ही व्याख्या आपल्या वर्गांतून आजही निमूटपणे उतरवून दिली जाते. प्रमाणभाषा आधी आणि बोली नंतर, असा क्रम तीत गृहीत धरलेला असतो. हे गृहीत किती फसवे आहे, ते झिम्बाब्वेतील शोना या बांटू कुळातील भाषेच्या इतिहासावरून ध्यानात येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांसाठी एकच अशी लिखित शोना अस्तित्वात नव्हती. झेझुरू, कारांगा, मानिका, कोरेकोरे, न्दाऊ अशी रूपे होती. ख्रिस्ती मिशनांनी आपापल्या परिसरातील रूप लिपिबद्ध केले. चिशावाशा येथील जेझुइटांनी झेझुरू, मॉर्गेन्स्टरच्या डच रिफॉर्म्ड मिशनने कारांगा, तर माउंट सेलिंडाच्या अमेरिकन मिशनने न्दाऊ उचलली. परिणामी मिशनांच्या कार्यक्षेत्रांच्या सीमा याच लेखनाच्या सीमा ठरल्या. पुढे ही विविधता शासनाला गैरसोयीची वाटू लागली, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ क्लेमंट डोक यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या १९३१च्या अहवालाने प्रामुख्याने झेझुरू व कारांगा यांच्या पायावर एक लेखनभाषा उभारण्याची शिफारस केली. ‘शोना’ हे नावही त्याच अहवालाने रूढ केले. तात्पर्य, येथे बोली आधीच्या आहेत आणि प्रमाणभाषा हा नंतरचा निर्णय आहे.

या निर्णयाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. सॉलोमन मुत्स्वाइरो यांच्या ‘फेसो’ या पहिल्या शोना कादंबरीपासून जे कादंबरीलेखन उभे राहिले, त्याला ही सामायिक लेखनभाषा उपकारक ठरली. परंतु लेखनात ज्यांना दुय्यम स्थान मिळाले, ती रूपे नाहीशी झाली नाहीत. झिम्बाब्वेच्या २०१३च्या राज्यघटनेने मान्यता दिलेल्या १६ भाषांत शोनाच्या जोडीने न्दाऊ आणि कलांगा यांची स्वतंत्र नोंद आहे. डोक यांनी या दोहोंची गणना शोना समूहातच केली होती. पूर्वी जिला बोली म्हटले, तिलाच आता भाषा म्हटले गेले. हा बदल व्याकरणातून आलेला नाही. भाषकांच्या आग्रहातून आणि राजकीय मान्यतेतून तो आला.

कोकणीला साहित्य अकादमीने १९७५मध्ये मान्यता दिली आणि १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. हा वाद पाहिलेल्या मराठी अभ्यासकाला शोनाचा हा दाखला परका वाटू नये. बोलींचे शब्दसंग्रह करणारे प्रबंध आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु एखाद्या रूपाला ‘बोली’ कोणी, केव्हा आणि कोणत्या सोयीसाठी ठरवले, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला जातो. तो विचारल्याशिवाय बोलीविज्ञान हे शास्त्र न राहता केवळ शब्दांची मोजदाद ठरेल.