सुरतेतलं घर: ताबा आपला, दस्तावेज कुणाचा?

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या गावागावातलं कुणी ना कुणी सुरतच्या या भागांत राहतंच. लूमवर, डाइंग मिलमध्ये वर्षानुवर्षं राबून आपल्या मंडळींनी तिथे रूम घेतली, कुणी सोसायटीत प्लॉट घेऊन वर मजला चढवला. घर कुणाचं, असं विचारलं तर उत्तर छातीठोक येतं, ‘आपलंच!’ कागद दाखवा म्हटलं की पिशवी निघते. तिच्यात नोटरी केलेलं साटाखत, कब्जा रसीद, महापालिकेचं वेराबिल आणि लाइटबिल.

या चारही कागदांचा उपयोग आहे. पण त्यातल्या एकानेही मालकी बदलत नाही.

नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि तो दोन्ही राज्यांत लागू आहे. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचा मालकी हक्क विकत द्यायचा तर कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कलम ४९ सांगतं, त्या कागदाने मालमत्तेवर काहीच परिणाम होत नाही. साटाखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तिहेरी जोड देऊन घरं विकायची पद्धत होती. सुप्रीम कोर्टाने ११ ऑक्टोबर २०११ ला सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं, की असल्या व्यवहाराने मालकी जात नाही. २००१ पासून तर साटाखतावर ताबा घेतलेल्यालाही ते साटाखत नोंदवलेलं असल्याशिवाय ताब्याचं कायदेशीर संरक्षण मिळत नाही.

मग लोक दस्तावेज का करत नाहीत? अडाणी आहेत म्हणून नाही. हिशेब करतात म्हणून.

गुजरातमध्ये स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. १५ लाखांच्या घराला ७३,५०० आणि १५,००० मिळून ८८,५०० रुपये होतात, वकिलाचा आणि टायपिंगचा खर्च वेगळा. आकारणी जंत्री आणि खरेदीची रक्कम यात जी जास्त तिच्यावर. २०११ नंतर जंत्री वाढली ती थेट एप्रिल २०२३ मध्ये, आणि बहुतेक ठिकाणी जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे ज्यांनी ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणून थांबवलं, त्यांचंच बिल वाढलं. यात एक सवलत आहे जी अनेकांना माहीत नसते. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ आहे. वरच्या हिशेबात सरळ १५,००० वाचतात, आणि घर लक्ष्मीच्या नावावर होतं.

दुसरी अडचण भाषेची. सुरतचे दस्तावेज सहसा गुजरातीत होतात. आपली माणसं गुजराती फाडफाड बोलतात, पण डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं पहिल्या पिढीला वाचता येत नाहीत. शब्दही बदलतात. आपल्याकडचा इसार तिथे बाना, खरेदीखत म्हणजे वेचाण दस्तावेज, हक्कसोडपत्र म्हणजे हक कमी, रेडी रेकनर म्हणजे जंत्री, फेरफार म्हणजे नोंध. सातबारा मात्र दोन्हीकडे सातबाराच, कारण १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते.

न वाचता सही केली तर नंतर ‘मला कळलं नव्हतं’ म्हणून सहज सुटता येत नाही. सब रजिस्ट्रारसमोर तुम्ही सही कबूल केलेली असते. म्हणून सहीच्या आदल्या दिवशी मसुदा मागून घ्या. घरातल्या गुजराती वाचणाऱ्या मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्या. चतुःसीमा, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर आणि दिलेली रक्कम एवढं तरी ताडून बघा.

तिसरा पेच सीमेपलीकडच्या वारसांचा. वडील सुरतेत वारले, एक भाऊ पांडेसऱ्यात, दुसरा नवापूरला. नवापूरच्या भावाला हक्क सोडायचा असेल तर तो दस्त सुरतेतच नोंदवायला हवा, कारण मालमत्ता जिथे तिथलं ऑफिस, असा कलम २८ चा नियम आहे. स्टॅम्प ड्यूटीही गुजरातचीच भरायची. प्रत्येक वेळी स्वतः जायलाच हवं असं मात्र नाही. दस्त नोंदणीला हजर करण्याचं मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर करता येतं, ही सोय कलम ३३ मध्ये आहे. त्यासाठी साधी नोटरी पुरत नाही. आणि सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त हजर करायचा. त्यानंतरचे ४ महिने दंड भरून मिळू शकतात, त्यापुढे नाही.

आता दुसरी बाजू. दस्तावेज झाला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलं, की विकणाऱ्याकडे मालकी आहे की नाही हे तपासणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. तो कागद नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. त्यामुळे शेतजमिनीवर पाडलेले प्लॉट, बिनखेती परवानगी, बँकेचा बोजा हे आपल्यालाच तपासावं लागतं. सुरतच्या काही भागांत अशांत धारा लागू आहे. तिथे कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेली विक्री टिकत नाही.

केंद्राने मे २०२५ मध्ये नवीन नोंदणी विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात साटाखत आणि विक्रीचं मुखत्यारपत्रही सक्तीने नोंदवायची तरतूद सुचवली आहे, नोंदणी ऑनलाइन करण्याचीही. पिशवीतल्या कागदांवर चालणारा बाजार त्यामुळे आवळला जाईल. पण स्क्रीनवरचा दस्तही गुजरातीतच असेल, तर सही करणाऱ्याची अडचण तीच राहणार. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, म्हणजे शहरात मराठी आहे हे सरकारदरबारी मान्यच आहे. मग दस्तासोबत एक पानाचा मराठी गोषवारा द्यायला काय हरकत आहे? सुरतेतल्या मराठी मंडळांनी आणि आपल्या मतांवर निवडून येणाऱ्यांनी ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर या सुट्टीत गावी आलात की पिशवी उघडा. मूळ मालक आज हयात असेल तर दस्तावेज त्याच्या एका सहीवर होऊ शकतो. तो गेला, तर त्याच्या सगळ्या वारसांच्या दारात उभं राहावं लागेल.