बाजारात हिशेब पक्का, मग गणितात नापास कसा?

आठवडी बाजारात भाजी विकणारं पोरगं दीड किलो वांगी, पावशेर मिरचीचा हिशेब तोंडी करून उरलेले पैसे बरोबर परत देतं. तेच गणितात नापास झालं की घरीदारी 'ढ' ठरतं. मग परीक्षा मोजते तरी काय?

नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं तपासली. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये हा अभ्यास छापून आला. विक्रीचा हिशेब बहुतेकांना जमला, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या उदाहरणांत तीच मुलं अडली. उलट शाळेतली ४७१ मुलं कागदावर बरी निघाली, बाजारातल्या हिशेबात मात्र अडखळली.

म्हणजे पेपर मुख्यतः शिकवलेली रीत मोजतो. ती नव्या ठिकाणी वापरता येते का, हे त्यातून फारसं कळत नाही. कागदावरचं गणितही लागतंच. कर्जाचं व्याज नुसतं तोंडी सुटत नाही. दहावीच्या गणितात ८० गुण लेखी, २० अंतर्गत. त्या २० गुणांत तरी बाजाराचा हिशेब यायला काय हरकत आहे? तोवर पालकांनी निकालावरून पोराची अक्कल ठरवू नये आणि शाळाही सोडायला लावू नये.