भुलीच्या बिलाचा हिशेब खोलीच्या भाड्यावर

औरंगपुरा : शस्त्रक्रियेनंतर हाती पडणाऱ्या बिलात सर्जनचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे आणि भूलतज्ज्ञांचे मानधन यांच्या स्वतंत्र नोंदी असतात. भुलीची रक्कम कशी ठरली, याची विचारणा सहसा होत नाही. विम्याचा दावा मंजूर होताना मात्र या नोंदीलाही कात्री लागते. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यासारख्या दवाखान्यांच्या परिसरात उपचारांसाठी येणाऱ्या विमाधारकांनी हे गणित समजून घेणे आवश्यक आहे.

खासगी रुग्णालयांत भूलतज्ज्ञांचे मानधन बहुधा सर्जनच्या शुल्काच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश धरण्याची प्रथा आहे. अनेक ठिकाणी सर्जनचे शुल्क खोलीच्या वर्गानुसार बदलते. परिणामी शस्त्रक्रिया तीच, भूल तीच. पण स्वतंत्र खोली घेताच दर वाढतो. अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या काठिण्याचे गुण आणि साधारणपणे दर १५ मिनिटांचा एक गुण यांची बेरीज करून तिला ठरावीक दराने गुणतात. तेथेही वाद आहेतच. अँथम या विमा कंपनीने भुलीच्या वेळेवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव टीकेनंतर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला.

आपल्याकडे खरी मेख खोलीच्या मर्यादेत आहे. समजा, विमा ३ लाखांचा असून खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३ हजार रुपये आहे. रुग्णाने ५ हजारांची खोली घेतली, तर प्रमाण ६० टक्के होते. सर्जनचे ४० हजार, भुलीचे १० हजार व शस्त्रक्रियागृहाचे १० हजार अशा ६० हजारांपैकी ३६ हजारच मंजूर होतात. भाड्यातील फरकाखेरीज उरलेले २४ हजार रुग्णाच्या खिशातून जातात.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये औषधे, इम्प्लांट व तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून वगळल्या. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांतही ही कपात लावता येत नाही, असेही स्पष्ट केले. भूलतज्ज्ञांच्या मानधनाला मात्र अशी सरसकट सूट मिळाली नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे भुलीचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो. खासगी विमाधारकाने मात्र दाखल होण्यापूर्वीच पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादा तपासावी आणि खोलीनुसार दर बदलतात काय, हे रुग्णालयाकडून लेखी घ्यावे. खोली निवडताना आपण भुलीचेही बिल ठरवीत असतो, याची जाणीव डिस्चार्जच्या दिवशी झाली, तर फार उशीर झालेला असतो.