सुतारकामाच्या खोलीचे कुलूप काढावे



गेल्या दोन वर्षांत एक प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. "सर, या वयात विजेची गिटार? आणि तीही वाजवायला नाही, बनवायला?" विचारणाऱ्यांच्या सुरात काळजी असते आणि थोडे हसूही असते. निवृत्तीला तीन वर्षे उरलेल्या मुख्याध्यापकाने पेन्शनची कागदपत्रे जुळवावीत, फार तर हार्मोनियम शिकावी, अशी साधारण अपेक्षा. त्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही या पानावर देत आहोत, कारण त्याचा संबंध आपल्या शाळेच्या मागच्या अंगणातील बंद खोलीशी आहे.

ती खोली म्हणजे जुनी सुतारकामाची खोली. तिथे आता मोडकी बाके आणि जुने दप्तर पडून आहे. खोली रिकामी करून नववी-दहावीच्या जादा तासांसाठी द्यावी, असा प्रस्ताव येत्या सभेपुढे आहे. प्रस्तावामागची तळमळ आम्हास मान्य आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांची पटसंख्या कशी घटते आहे हे ग्वाल्हेरात कोणी कोणास सांगायला नको. निकाल चांगला लागला नाही तर उरलेले पालकही इंग्रजी माध्यमाकडे वळतील, ही भीती खोटी नाही. तरीही आमचे मत या प्रस्तावाविरुद्ध आहे.

आधी एक कबुली. विज्ञानाची पदवी आम्ही हिंदी माध्यमातून घेतली. 'विद्युत चुंबकीय प्रेरण' हा पाठ आम्ही घोकला, त्यावर गुण मिळवले. पुढे तोच विषय 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' म्हणून मराठीत मुलांना शिकवला. फॅरेडेने १८३१ साली काय शोधले, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिले. पण तांब्याची तार स्वतःच्या हाताने गुंडाळून, त्यातून निघालेला आवाज आम्ही पन्नाशी उलटेपर्यंत कधी ऐकला नव्हता. दोन भाषांत आलेला धडा हातात मात्र कधी आलाच नव्हता.

विजेच्या गिटारीत पोकळ पेटी नसते. भरीव लाकडावर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्याखाली 'पिकअप' असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. पुस्तकात हे चार ओळींचे आहे. आमचे पहिले वेटोळे पाच हजार वेढ्यांवर तुटले, दुसरे त्याच्याही आधी. तिसऱ्या खेपेस आवाज आला, त्या रात्री आम्ही सौ.ना झोपेतून उठवून तो ऐकवला. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

त्याहून मोठी चूक मानेवरच्या पट्ट्या बसवताना झाली. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारीच्या पट्ट्या लाकडात ठोकलेल्या असतात. त्यांची जागा गणिताने ठरते. सप्तकाचे बारा समान भाग, म्हणून प्रत्येक पट्टीला तारेची उरलेली लांबी १.०५९४६ ने भागायची. ६४८ मिलिमीटरची तार असेल तर पहिली पट्टी ३६.४ मिलिमीटरवर येते आणि बारावी बरोबर मध्यावर, ३२४ वर. आकडेमोड आमची अचूक होती. पण मोजताना आम्ही प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपासून मोजली. दर वेळी तिसरा हिस्सा मिलिमीटर चुकत गेला आणि बाराव्या पट्टीपर्यंत चार मिलिमीटरचा घोटाळा झाला. म्हणजे एका अर्धस्वराचा सुमारे पाचवा हिस्सा. वाद्य दिसायला ठीक, वाजवले की बेसूर.

ही चूक आम्हाला सापडली नाही. आपल्याच नववीतल्या एका विद्यार्थ्याने ती शोधली. गणितात त्याला जेमतेम उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळतात. तो पट्टी घेऊन बसला, दहा मिनिटांनी म्हणाला, "सर, प्रत्येक माप सुरुवातीपासूनच घ्यायला हवं होतं. नाहीतर चूक पुढे पुढे साठत जाते." त्या मुलाला दोन वर्षे गणित शिकवणाऱ्या शाळेला त्याची ही बुद्धी दिसली नव्हती, कारण ती दिसावी अशी जागाच आम्ही त्याला दिली नव्हती. तेव्हापासून त्या बंद खोलीसमोरून जाताना आम्हाला शरम वाटते.

गिटार मात्र वाया गेली नाही. अमेरिकेत लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५०-५१ च्या सुमारास भरीव गिटारी बाजारात आणल्या, तेव्हा मान धडाला न चिकटवता चार स्क्रूंनी जोडली. मान बिघडली तर ती काढावी, दुसरी लावावी. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे वाचून आम्हाला बराच धीर आला. आम्हीही स्क्रू काढले आणि दुसरी मान केली. तिचे सागवान आपल्याच शाळेच्या भंगारात निघालेल्या एका बाकाचे आहे. त्याचे पैसे कार्यालयात भरले असून पावती आमच्याजवळ आहे.

जुन्या लाकडाची ही कल्पना आमची नव्हे. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, मानेवरच्या खुणा आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. दोन वर्षे लागली. पुढे 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात त्यांनी तीच गिटार वाजवली. (त्यांचे साथीदार गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीचे.) याच ब्रायन मे यांनी २००७ साली खगोलभौतिकीतली डॉक्टरेटही पूर्ण केली. हाताने काम करणारा मुलगा अभ्यासात मागे पडतो, असे मानणाऱ्या पालकांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपले ग्वाल्हेर हे तानसेनाचे, ख्यालाचे गाव. पण ते वाद्य घडवणाऱ्यांचेही गाव आहे. रबाबाला धातूच्या तारा आणि पोलादी पट्टी बसवून सरोद घडवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते बंगश घराणे इथलेच. जीवाजीगंजातले सरोद घर आपण मुलांना सहलीत दाखवतो. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. काळ बदलला तसे त्यांनी हात वाद्यांकडे वळवले. गायकाचे नाव आपण आदराने घेतो. ज्याने तंबोऱ्याची जवारी काढली त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते. या उणिवेला आपण शाळावालेही जबाबदार आहोत.

हातातून शिक्षण ही गोष्ट नवी नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात 'नई तालीम' मांडली, ती हेच सांगत होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावे असे म्हटले आहे. कागदावर सगळे आहे. आपल्याकडे तर खोलीही आहे. फक्त तिला कुलूप आहे.

आता प्रस्ताव. आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास ही खोली द्यावी. पहिल्या वर्षी विजेवर चालणारे एकही यंत्र नको. करवत, रंधा, पटाशी, कानस आणि मोजपट्टी पुरे. मुलांनी गिटारच करावी असा आमचा हट्ट नाही. पाट करावा, कंदील करावा, एकतारी करावी. शनिवारी आम्ही स्वतः तिथे उभे राहू, एका अनुभवी मिस्त्रींनीही येण्याचे कबूल केले आहे. अवजारांचा पहिला खर्च आम्ही करू. जादा तासांसाठी ग्रंथालयाचा मागचा भाग दुपारी मोकळा असतो, तो वापरावा. वर्षाअखेर विश्वस्तांनी स्वतः येऊन पाहावे. उपयोग नाही असे वाटले तर कुलूप आम्हीच लावू.

पालकांपैकी जे आमच्या वयाचे आहेत त्यांना आणखी एक सांगणे. छंद निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवू नका. डोळे, बोटे आणि चुका पचवण्याची ताकद शाबूत आहे तोवरच सुरुवात करा. आमच्या गिटारीला लागलेल्या पैशांत बाजारातून एक बरी गिटार नक्की आली असती. पण मोजमाप सुरुवातीपासून घ्यावे, हा धडा आम्हाला कोणत्या दुकानात मिळाला असता?

ही गिटार स्नेहसंमेलनात वाजेल. वाजवणारा तोच नववीतला विद्यार्थी असेल. सूर लागला तर टाळ्या त्याला द्या. नाही लागला तर मान पुन्हा काढू, चारच स्क्रू आहेत.

आपला,
मुख्याध्यापक