वयाचा रकाना



वडाळ्याहून हार्बरने गोवंडीला उतरले की जवळच देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. स्थापना १९५६, धम्मदीक्षेचेच वर्ष. तेथे आयुर्मान-सारणी शिकवतात: एक लाख जन्म धरायचे, वयावयाचे मृत्युदर लावायचे आणि सरासरी किती वर्षे जगणे वाट्याला येते ते काढायचे. अशाच हिशेबाने २०२२ साली नऊ राज्यांच्या एका अभ्यासात दलितांचे आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी निघाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. मग आपला हिशेब कसा लागणार?

आमची विनंती एवढीच: घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंदवा. अंदाजे ‘साठ’ सांगू नका, दाखला पाहून वय लिहा. धर्म विचारतात तेथे ‘बौद्ध’ लिहा. नोंद चुकली की सारणीही चुकते.