पोच आल्याशिवाय चिठ्ठी फाडू नये

कापडाच्या धंद्यात चोरीने होते त्याहून अधिक नुकसान निरोप न पोचल्याने होते, असा आमचा अनुभव आहे. पूर्वी साताऱ्याहून विट्याच्या यंत्रमागवाल्याला मागणी कळवायची असली की आम्ही एस.टी.च्या कंडक्टरकडे चिठ्ठी देत असू. परतीच्या गाडीने 'चिठ्ठी मिळाली' असा उलट निरोप येईपर्यंत तिची नक्कल गल्ल्यात राही. आज दुकानातल्या कॉम्प्युटरवर नोंद होते आणि गोदामातल्या कॉम्प्युटरकडे ती आपोआप जाते. परंतु पोचली की नाही, हे विचारण्याची रीत मात्र आपण मोडली.

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या तोंडावर आम्हाला त्याची किंमत मोजावी लागली. कराडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ६० ताग्यांची मागणी दुकानात नोंदली गेली. गोदामाची वीज त्या वेळी गेलेली होती. प्रोग्रॅमने एकदा हाक मारली, उत्तर आले नाही, तो गप्प बसला. पडद्यावर मात्र 'पाठवले' असेच दिसत राहिले. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा डोळे उघडले. त्यांनी माल दुसरीकडून उचलला आणि पुन्हा आमची पायरी चढली नाही. प्रोग्रॅम विकणाऱ्याचे उत्तर तयार होते : 'वीज गेली, त्याला आम्ही काय करणार?'

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. यावर इलाज आहे व तो फुकट मिळतो. त्याला 'मेसेज ब्रोकर' म्हणतात. ब्रोकर म्हणजे दलाल, पण हा दलाली घेत नाही. पाठवणाऱ्याची चिठ्ठी तो रांगेत जपून ठेवतो, घेणारा जागा झाला की त्याच्या हाती देतो, आणि पोच मिळाल्यावरच रांगेतून काढतो. कॉम्प्युटरमधून निरोप खेळते ठेवण्याच्या या धंद्यात मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचे नाव मोठे आहे. १९८० च्या दशकात त्यांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या शेअर व्यवहारांसाठी 'इन्फर्मेशन बस' तयार केली, आणि १९९७ साली 'टिबको' कंपनी उभी राहिली. बड्यांची ही सोय आता आपल्या दुकानातल्या साध्या विंडोज कॉम्प्युटरवरही बसवता येते.

आम्ही 'रॅबिटएमक्यू' निवडला. तो २००७ साली लंडनमध्ये तयार झाला. 'एरलँग' या भाषेत तो लिहिलेला आहे, आणि ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्सचेंजसाठी घडवली होती. म्हणून आधी एरलँग बसवावी, मग ब्रोकर. दोहोंच्या आवृत्त्यांची जोडी जुळली पाहिजे, व एरलँगची जुनी आवृत्ती असेल तर ती आधी काढावी. हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून करावे. उर्दू माध्यमात शिकलेल्या आम्हाला कॉम्प्युटरच्या खात्याला उर्दू लिपीत नाव द्यावेसे वाटते. परंतु ब्रोकरच्या फोल्डरच्या मार्गात इंग्रजीखेरीज अक्षरे आली तर तो सुरूच होत नाही. तेवढ्यापुरता हट्ट सोडावा.

एकदा बसला की कॉम्प्युटर चालू होताच ब्रोकरही आपोआप चालू होतो. तो दुकानातल्या कॉम्प्युटरवरच ठेवावा, कारण चिठ्ठी जन्मते तिथेच. कॉम्प्युटर आपणहून झोपी जाण्याची सोय बंद करावी व यू.पी.एस. जोडावा. 'गेस्ट' नावाचे तयार खाते त्याच कॉम्प्युटरपुरते चालते, म्हणून गोदामासाठी वेगळे नाव व पासवर्ड करावा. गोदाम दुसऱ्या गावी असेल तर ब्रोकरचा दरवाजा इंटरनेटवर उघडा टाकू नये, जाणकाराकडून बंदिस्त जोडणी करून घ्यावी.

परंतु नुसते बसवून भागत नाही. आपला बिलाचा प्रोग्रॅम ब्रोकरशी बोलला पाहिजे, आणि ते काम प्रोग्रॅम विकणाऱ्याचे आहे. त्याच्याकडून चार गोष्टी वाजवून घ्याव्यात. रांग टिकाऊ असावी, म्हणजे कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला तरी ती राहील. चिठ्ठीही टिकाऊ असावी, म्हणजे ती डिस्कवर लिहिली जाईल. ब्रोकरने 'मिळाली' म्हटल्याखेरीज पडद्यावर 'पाठवले' असे येऊ नये. आणि गोदामाने नोंद केल्यानंतरच पोच द्यावी, आधी नव्हे. नोंद झाली पण पोच वाटेत हरवली, तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा येते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक हवा व गोदामाने तो तपासावा, नाहीतर ६० च्या जागी १२० तागे रवाना व्हायचे!

ज्यांचे एकच दुकान आहे व दिवसाला दहा चिठ्ठ्या होतात, त्यांनी या फंदात पडू नये. त्यांना वही आणि फोन पुरेसा आहे. परंतु ज्यांचे दुकान एकीकडे, गोदाम दुसरीकडे आणि माग विट्याला, त्यांनी नवा प्रोग्रॅम घेण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : 'गोदाम बंद असेल तेव्हा माझी चिठ्ठी कुठे थांबते?' जो अडखळेल त्याला पैसे देऊ नयेत. गिऱ्हाइकाची मागणी ही आपल्याकडची अमानत आहे. एस.टी.चा कंडक्टर ती सांभाळत असे, मग हजारो रुपयांच्या यंत्राने का सांभाळू नये?